जुन्या मोटारींत फोनची सोय

घरांत एखाद्या गोष्टीची उणीव आहे हें घरच्या माणसांना वर्षानुवर्षें ठाऊक नसतें, आणि मग एका रात्रींत तें सर्वांना एकदम कळतें. आमच्या घरीं ती रात्र २०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस आली.

भंडारा जिल्ह्यांतील वाचकांना तो पूर आठवत असेलच. वरच्या अंगास मध्यप्रदेशांत पाऊस कोसळला, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले गेले, आणि वैनगंगा पात्र सोडून गांवांत शिरली. नागपुराहून आमच्या लाखांदुरास यावयाचें तर कोठें तरी वैनगंगा ओलांडावीच लागते. त्या दिवशीं आमचा पुतण्या आपल्या मातोश्रींस, म्हणजे आमच्या वहिनींस, घेऊन औषधोपचारासाठीं नागपुरास गेला होता. दिवस साथीचे, जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास तेव्हां ई-पास लागत असे. तो मिळवून मंडळी गेली ती घरच्या मोटारीनेंच, कारण आजारी माणसास परक्या वाहनांत बसविण्याचा धीर कोणास नव्हता.

सायंकाळीं सहाच्या सुमारास ‘निघालों’ एवढा निरोप आला, आणि त्यानंतर कांहीं नाहीं. आठ वाजले, दहा वाजले. फोन लावावा तों तो बंद असल्याचें यंत्रांतील बाई गोड आवाजांत सांगे. गांवांत येणाऱ्या बातम्या एकीहून एक भयंकर: अमुक पुलावरून पाणी गेलें, तमुक ठिकाणीं रस्ता खचला. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, ते ओटीवर येरझारा घालीत होते. सूनबाई लहान मुलाला मांडीवर घेऊन देवघराच्या उंबऱ्याशीं बसली होती. ती रडत नव्हती, आणि तेंच आम्हांला पाहवेना. सकाळीं साडेसात वाजतां पुतण्याचा आवाज ऐकूं आला. मंडळी भिवापुरास सुखरूप होती.

हकिकत अगदीं साधी होती. पुढें रस्ता बंद म्हणून ते थांबले. एका सज्जन कुटुंबानें रात्रीपुरता आसरा दिला. पुतण्याच्या फोनची बॅटरी दवाखान्यांतल्या धांवपळींतच संपलेली, वहिनींचा फोन घरीं राहिलेला, आणि त्या गृहस्थांकडे वीज गेलेली. घरचे सर्व नंबर मेलेल्या फोनच्या पोटांत. पाठ एकहि नाहीं. (पाढे पाठ करून काय होतें, असें विचारणाऱ्या पालकांना आम्ही हा प्रसंग आतां सांगत असतों.) पहाटे वीज आली तेव्हां फोन जिवंत झाला.

या साऱ्यांत आमच्या मनाला लागून राहिली ती एक गोष्ट. ज्या दारांत ती माणसें अंधारांत बसलीं होतीं, त्याच दारांत आमची मोटार उभी होती, आणि तिच्या पोटांत १२ व्होल्टांची, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी होती. गणित करून पाहा. बारा गुणिले पस्तीस म्हणजे ४२० वॉट-तास. साधारण फोनच्या बॅटरींत १५ वॉट-तासांच्या आसपास शक्ति मावते. म्हणजे त्या मोटारीनें, वाटेंतली घट वजा जातां, तो फोन वीस वेळां तरी पुरता भरून दिला असता. विहिरीच्या कांठावर बसून दोराअभावीं तहानेनें व्याकुळ व्हावें, तसा हा प्रकार झाला. आतां हा दोर कसा मिळाला, आणि तो मिळवितांना आम्ही मोटारीसकट कसे जळतां जळतां वांचलों, तें या अंकीं सांगावयाचें आहे. पुष्कळ घरांत अशा जुन्या गाड्या अद्याप आहेत, म्हणून हा विस्तार.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर ज्या गाड्या बनूं लागल्या, त्यांपैकींच ही एक. ‘पद्मिनी’ हें नांव तिला १९७४ सालापासून मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघर ठाऊक झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या टॅक्स्यांपैकीं शेवटचीहि वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून उतरली. आमची दादांनीं १९८९ सालीं घेतली. तीत फोनसाठीं कांहीं सोय नसावी हें स्वाभाविकच. कारण ती कारखान्यांतून निघाली तेव्हां खिशांत फोन घालून हिंडणें ही कल्पनाहि लाखांदुरांत कोणी केली नव्हती.

नव्या गाड्यांत ज्या गोल भोंकांत आपण फोनची तार खोंवतों, त्याची कुळकथा मौजेची आहे. तें भोंक मुळांत चिरूट पेटविण्यासाठीं होतें. अमेरिकेंत १९२० च्या दशकांत मोटारींतून विजेचे लायटर येऊं लागले. तापलेली गुंडाळी बाहेर काढावी, चिरूट शिलगवावा आणि ती परत खोंचावी, अशी ती योजना. चिरुटाचा धूर गेला, भोंक तेवढें राहिलें. ज्या घरांत विडीचें नांव काढण्याची कोणाची छाती नव्हती, अशा घरांतल्या सुनाहि आज ‘लायटरला फोन लावा’ असें निःशंकपणें म्हणतात, आणि सासूबाईंना त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं.

पूर ओसरल्यावर पुतण्यानें तसलें एक सॉकेट बसविण्याची गोष्ट काढली, तेव्हां पहिला अडसर दादांचाच आला. सोय त्यांनाहि हवी होती. त्या रात्रीं येरझारा कोणी घातल्या होत्या? परंतु सॉकेट बसवावयाचें म्हणजे डॅशबोर्डाला भोंक पाडणें आलें. ते म्हणाले, “भोंक पाडावयाचें असेल तर माझ्यामागून पाडा.” यावर कोण काय बोलणार? त्या गाडींतून त्यांनीं आमच्या तीर्थरूपांना शेवटच्या आजारांत नागपुरास नेलें होतें. घरांतल्या दोन मुलींच्या सासरच्या पाठवण्या त्याच गाडींतून झाल्या. पुतण्या तरुण आहे, तो हंसला. आम्ही हंसलों नाहीं.

मग मधला मार्ग निघाला. गांवांत दुचाकींचीं व ट्रॅक्टरांचीं विजेचीं कामें करणारा एक कारागीर आहे. त्यानें तासाभरांत तीनशें रुपयांत काम उरकून दिलें. भोंक पाडलें नाहीं; बॅटरीच्या धन टोंकापासून एक बारीक तार सरळ आंत आणली, आणि तिच्या टोंकाला लोंबतें सॉकेट जोडलें. आम्हीं विचारलें, “बाबा रे, हिला फ्यूज वगैरे?” तो म्हणाला, “कांहीं नाहीं होत जी, गुरुजी. फोन तो केवढा!” हें उत्तर आम्हांला त्या वेळीं पटलें, ही गोष्ट येथें प्रांजळपणें नमूद करणें आम्हांला भाग आहे. विद्यार्थ्यानें असें उत्तर दिलें असतें तर आम्हीं त्याला बाकावर उभें केलें असतें.

दिवाळीनंतर आम्ही, पुतण्या आणि त्याचा मुलगा असे तिघे वडशाला निघालों होतों.  मुलगा म्हणाला, “आबा, वास येतोय.” पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हा न्यायशास्त्राचा पहिलाच दृष्टांत, तो आम्हीं इतक्या वेळां शिकविला आहे कीं झोंपेंतहि म्हणूं. पण आमच्या पायाजवळून निळसर धुराची रेघ निघाली, तेव्हां तो दृष्टांत आठवण्याऐवजीं आम्हीं प्रथम खिडकी उघडली. पुतण्याचें डोकें अधिक चाललें. त्यानें गाडी कडेला घेतली, मुलाला बाहेर ओढलें, आणि बॉनेट उघडून बॅटरीची तार पान्यानें सोडविली. धूर थांबला. तारेचें आवरण हातभर वितळून गेलें होतें आणि खालची सतरंजी करपली होती. याहून अधिक कांहीं नाहीं. चितोडच्या पद्मिनीचा जौहर आमच्या पद्मिनीनें पुनः करून दाखविला नाहीं, हें आमच्या पूर्वजांचें पुण्य.

दादांना आम्हीं तें सायंकाळीं सांगितलें. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “भोंक पाडलें असतेंत तरी चाललें असतें.”

आमचे एक जुने विद्यार्थी एस.टी. मध्यें विजेचीं कामें करीत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांना बोलावलें. ते गाडीखालीं निजून, विजेरीच्या उजेडांत पाहून बाहेर आले आणि करपलेली तार आमच्यापुढें धरून म्हणाले, “गुरुजी, फ्यूज फोनसाठीं नसतो, तो तारेसाठीं असतो.” आमच्या मतें या विषयांतलें एवढें एक वाक्य ज्याला समजलें, त्याला उरलेलें सारें आपोआप समजतें. म्हणून त्यावर थोडें थांबूं.

आपल्याला वाटतें, फोन लहान, त्याला लागणारी वीज लहान, तेव्हां भय कसलें? फोन जेवढी मागतो तेवढीच वीज तारेंतून जाते हें खरेंच; जलद भरणारा नसेल तर बॅटरीकडून एक अँपिअरच्या आसपास. परंतु तारेचें आवरण वाटेंत कोठें घांसून उघडें पडलें आणि आंतलें तांबें गाडीच्या लोखंडाला टेंकलें, कीं मग मागणारा फोन राहत नाहीं. गाडीचा सांगाडा हेंच बॅटरीचें ऋण टोंक असतें. बॅटरीला सारी वीज एकदम ओतण्यास वाट मोकळी होते. त्या कारागिरानें वापरली तसली अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर तिच्या एका मीटरचा रोध एक ओहमाच्या हजाराव्या भागाच्या छत्तीसपट. बॅटरीचा आंतला रोध त्याच मापानें दहापट धरूं. स्पर्श पक्का झाला तर अडीचशेंहून अधिक अँपिअर वाहतील, आणि त्या मीटरभर तारेंत दोन हजार वॉटांहून अधिक उष्णता उत्पन्न होईल. बादलींतलें पाणी तापविण्याची विजेची दांडी बहुधा हजार-दीड हजार वॉटांची असते. तिच्याहून अधिक ताप एका सुतळीएवढ्या तारेंत, आणि तीहि गालिच्याखालीं! आमच्या गाडींत स्पर्श अर्धवट झाला म्हणून प्रकरण धुरावर निभावलें.

आणि तार घांसली कां? इंजिनाकडून आंत येतांना ती लोखंडी पडद्याच्या भोंकांतून आणली होती, आणि त्या भोंकाला रबराचें कडें नव्हतें. पत्र्याची धार, गाडीचा हादरा आणि आमच्या तालुक्यांतील रस्ते, या तिघांनीं मिळून तें काम अडीच महिन्यांत पुरें केलें.

आतां योग्य रीत. फ्यूज असावा, तो धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत असावा. कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्या मधली तार कायमची अनाथ असते. तार दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, मोटारीसाठीं केलेली घ्यावी. फक्त फोनच लावावयाचे असतील तर ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. पुतण्याला १० चा हवा होता, म्हणजे चाकांत हवा भरण्याचा पंपहि त्यावर चालला असता. आमच्या विद्यार्थ्यांनीं साफ नकार दिला. त्यांचें म्हणणें, घरांत जी सोय फोनची म्हणून केली, तिच्यावर उद्यां कोणी तरी इस्त्री लावणारच. आणि फ्यूज उडाला तर त्या जागीं चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा घालणाऱ्या माणसास गाडीला हात लावूं देऊं नये. आमच्या गाडींत जुन्या पद्धतीचे, चिनी मातीच्या दांडीवर धातूची पट्टी बसविलेले फ्यूज आहेत. त्यांचीं टोंकें गंजलीं कीं स्पर्श ढिला होऊन तेंच ठिकाण तापतें. तींहि घांसून स्वच्छ करून घेतलीं.

दुसरा प्रश्न असा कीं वीज बॅटरीपासून सरळ घ्यावी कीं किल्ली फिरविल्यावरच मिळेल अशा जागेपासून? येथें सोयीचा मोह पडतो. सरळ घेतली तर गाडी बंद असतांनाहि फोन भरतां येतो. पण या सॉकेटांत आंकडे दाखविणारा लहानसा दिवा असतो आणि व्होल्ट उतरविणारा भागहि जागाच राहतो. फोन नसतांनाहि तीं दोन्ही मिळून २० मिलिअँपिअर सहज खातात. दिवसाला अर्धा अँपिअर-तास, महिन्याला चौदा. पस्तिसापैकीं चौदा गेले तर गाडी एक महिना पडवींत उभी राहिल्यावर पहिल्या किल्लीला सुरू होईलच, असें सांगवत नाहीं. आमची गाडी पावसाळ्यांत पुष्कळदां महिनाभर उभी असते. म्हणून आम्हीं किल्लीमागची जागा घेतली. पुराच्या रात्रीसारखा प्रसंग आलाच तर किल्ली अर्धी फिरवून ठेवतां येते. इंजिन चालू करावें लागत नाहीं. मात्र फार वेळ तसें ठेवूं नये, इग्निशनची गुंडाळी तापते. किल्लीला इंजिनाच्या आधींचा निराळा टप्पा असेल तर तेथूनच वीज घ्यावी.

सॉकेटाच्या मधली पिन धन आणि बाहेरची वाटी ऋण, हें उलटें होतां कामा नये. फार जुन्या, विशेषतः विलायती घडणीच्या कांहीं गाड्यांत धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे; तेथें वाटी आणि पत्रा यांचा स्पर्श झाला कीं आमच्यासारखाच प्रसंग. तेव्हां मीटर लावून पाहिल्यावांचून तार जोडूं नये. ऋण तार सांगाड्याला जोडतांना तेथला रंग खरवडून, थिंबल बसवून, स्क्रूनें घट्ट करावी. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें हें कांहीं काम नव्हे. आमच्याकडच्या मे महिन्यांत बंद गाडीच्या आंत ती पट्टी पाघळते आणि सांधा उघडा पडतो. त्याच उन्हासाठीं हेंहि सांगतों, कीं भरलेली पॉवर बँक गाडींत ठेवून देणें हा या साऱ्यावर सोपा उपाय वाटला तरी ती उन्हांत तापणाऱ्या गाडींत ठेवूं नये. प्रवासाला निघतांना बरोबर घ्यावी, परत येतांच काढून आणावी.

इंजिन सुरू करण्याच्या क्षणीं फोन काढून ठेवावा, कारण त्या वेळीं बॅटरीचा दाब एकदम खालीं जाऊन पुनः वर उसळतो. चालत्या गाडींत तो १४ व्होल्टांच्या आसपास असतो. डायनॅमो असलेल्या आणखी जुन्या गाड्यांत इंजिन मंद चालत असतां बॅटरी भरली जात नाहीं. तांबडा दिवा लागतो तो त्याचाच. सॉकेटाचा नग घेतांना जुनें चपटें आणि नवें लंबगोल अशीं दोन्ही तोंडें असलेला घ्यावा. युरोपांत तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना लंबगोल तोंडच सक्तीचें झालें आहे.

विम्याचा एक मुद्दा दादांनींच काढला, आणि तो बरोबर आहे. गाडीच्या मूळ तारा कापून केलेल्या जोडकामानें आग लागली तर नुकसानभरपाईच्या वेळीं वाद उत्पन्न होऊं शकतो. म्हणून मूळ तार कापली नाहीं. रिकाम्या टोंकावरून वीज घेतली, आणि पावती जपून ठेवली. फोन हातांत धरून गाडी चालविणें हा तर गुन्हाच आहे. २०२० च्या ऑक्टोबरपासून मोटारीच्या नियमांत वाट पाहण्यापुरती फोनची मुभा आहे, तीहि चालकाचें लक्ष विचलित न होतां. आमच्या पुतण्यानें फोन समोर लावण्याचें स्टँडहि आणलें आहे. त्याबद्दल आमचें आणि त्याचें अजून एकमत नाहीं.

आणि आगीची ही भीति आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचीच आहे असें कोणीं समजूं नये. पश्चिम रेल्वेनें २०२१ च्या मार्चपासून रात्रीं अकरा ते पहाटे पांचपर्यंत डब्यांतील फोन भरण्याच्या जागांची वीज बंद ठेवण्यास प्रारंभ केला, तो याच कारणासाठीं.

राहतां राहिली जागा. डॅशबोर्डाखालीं कारखान्यानेंच बसविलेला एक स्क्रू आहे. त्याच स्क्रूखालीं चार बोटें रुंदीची एक लोखंडी पट्टी वांकवून अडकविली, भोंक त्या पट्टीला पाडलें, आणि सॉकेट तींत बसविलें. उद्यां स्क्रू काढला तर पद्मिनी १९८९ सालीं होती तशीच्या तशी. दादांनीं चष्मा लावून, वांकून, बोटांनीं चांचपून पाहिलें आणि कांहीं बोलले नाहींत. एकंदर खर्च, विद्यार्थ्यांनीं मजुरी घेतली नाहीं म्हणून, सातशें रुपयांच्या आंत आला.

दुसऱ्या दिवशीं फोन लावण्याचा पहिला मान दादांना दिला, तेव्हां कळलें कीं त्यांच्या बटणांच्या फोनला लागणारी तार घरांत कोणाकडेच नाहीं. ती वडशाच्या बाजारांतून आणली. वहिनींनीं मात्र त्याआधींच एका पोस्टकार्डावर घरचे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तें समोरच्या कप्प्यांत ठेवून दिलें होतें. तें अजून तेथेंच आहे.